नॅनो पॅक्लिटॅक्सेल की साधं? मधुमेह असलेल्या आईच्या केमोबद्दल

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आई ६१ वर्षांच्या आहेत, बारा वर्षांपासून मधुमेह आहे. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली आणि आता फुप्फुसात गाठी दिसल्या आहेत. डॉक्टरांनी पॅक्लिटॅक्सेल सुचवलं आणि ‘परवडत असेल तर नॅनोवालं घेऊ’ असं म्हणाले. दोन्हींच्या किमतीतला फरक ऐकून तुमची झोप उडाली. त्यातच कुणी सांगितलं, की नॅनो औषध थेट गाठीत जाऊन फुटतं, बाकी शरीराला धक्काही लागत नाही. एका नातेवाइकांनी ‘नॅनो हळदी’च्या कॅप्सूलची बाटली आणून दिली ती वेगळीच. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ‘साधं औषध दिलं तर मी आईच्या बाबतीत पैसे वाचवले असं होईल का?’

मी मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट आहे. गेली बावीस वर्षं केमोथेरपी देणं हेच माझं काम. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तेच तुम्हाला सगळ्यात जास्त टोचतंय. नाही, तसं होणार नाही. तुमच्या आईंच्या परिस्थितीत साधं पॅक्लिटॅक्सेल हे कमअस्सल औषध नाही. दर आठवड्याला, नीट बेतून दिलं तर ते आजही तितकंच भक्कम औषध आहे. नॅनोवालं कधी खरंच उपयोगी पडतं, हे मी पुढे सांगतेच. पण त्यासाठी प्रश्न थोडा बदलायला हवा. ‘नॅनो चांगलं का?’ असं विचारून काही हाती लागत नाही. हे विशिष्ट नॅनो औषध कोणता त्रास टाळण्यासाठी बनवलं, तो त्रास आईंना होण्याची शक्यता किती, आणि त्याच्या बदल्यात कोणता नवा त्रास पदरात पडतो, एवढं विचारलं की बरंचसं चित्र स्पष्ट होतं.

आईंची फाइल मी पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी माझ्यासाठी मोकळ्याच राहतात. गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी आहे का, हर-२ पॉझिटिव्ह आहे का, म्हणजे तिच्या पेशींवर हर-२ हे प्रथिन जास्त आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. हार्मोन पॉझिटिव्ह असेल आणि आजार फार वेगाने वाढत नसेल, तर पुष्कळदा आधी गोळ्यांचे उपचार करतात, केमोची वेळ नंतर येते. तीन वर्षांपूर्वी ऑपरेशनच्या आगेमागे पॅक्लिटॅक्सेल दिलं होतं का, तेव्हा काही रिअॅक्शन आली होती का, यकृताचे रिपोर्ट कसे आहेत, आणि मुख्य म्हणजे आईंच्या पायांना आजच मुंग्या येतात का, या सगळ्यावर निर्णय हलतो. म्हणून खाली जे लिहितेय ते तुमच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावं म्हणून. त्यांच्या निर्णयाची जागा ते घेणार नाही.

आता पॅक्लिटॅक्सेलकडे. हे औषध मुळात पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडलं. कर्करोगाच्या पेशीला ते दोन भागांत विभागूच देत नाही. औषध गुणी, पण एक मोठी अडचण अशी की ते पाण्यात विरघळत नाही. जे पाण्यात विरघळत नाही ते शिरेतून द्यायचं कसं? त्यावर तोडगा निघाला क्रेमोफोरचा. एरंडेल तेलावर प्रक्रिया करून बनवलेला हा दाट द्रव आणि अल्कोहोल, या दोन्हींत पॅक्लिटॅक्सेल विरघळवतात. साध्या पॅक्लिटॅक्सेलच्या एका मिलिलिटरमध्ये औषध असतं ६ मिलिग्रॅम आणि क्रेमोफोर ५२७ मिलिग्रॅम. म्हणजे औषधाच्या जवळजवळ ८८ पट वाहक आपण पेशंटच्या शिरेत सोडत असतो.

साध्या पॅक्लिटॅक्सेलबद्दल जी भीती तुम्ही ऐकली असेल, तिचा मोठा वाटा या क्रेमोफोरचा आहे. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत चेहरा लाल होणं, छाती आवळल्यासारखी वाटणं, दम लागणं, रक्तदाब घसरणं, या रिअॅक्शनला तेच बऱ्याच अंशी कारणीभूत असतं. म्हणून औषधाआधी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आणि अॅलर्जीची इंजेक्शनं द्यावी लागतात. क्रेमोफोर नेहमीच्या प्लॅस्टिकच्या नळीतली रसायनंही बाहेर खेचतं, म्हणून नळी वेगळी लागते आणि तिला बारीक फिल्टर लागतो. आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. क्रेमोफोर रक्तात सूक्ष्म थेंबांच्या रूपात फिरतं आणि औषधाचा काही भाग त्या थेंबांतच अडकवून ठेवतं. ते थेंबही आकाराने नॅनोच असतात! नॅनो असणं म्हणजे आपोआप चांगलं असणं नव्हे, याचं याहून जवळचं उदाहरण माझ्याकडे नाही.

मग नॅनोवाल्या पॅक्लिटॅक्सेलमध्ये केलं काय? क्रेमोफोर काढून टाकलं. त्याच्या जागी माणसाच्या रक्तातलंच अल्ब्युमिन हे प्रथिन घेतलं आणि त्याचे औषधासह सुमारे १३० नॅनोमीटरचे कण बनवले. तांबडी पेशी साधारण सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते, तेव्हा असे पन्नासेक कण एका रांगेत ठेवले तर तिची रुंदी भरेल. १०० मिलिग्रॅमच्या कुपीत साधारण ९०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन असतं. अमेरिकेत या औषधाला जानेवारी २००५मध्ये मान्यता मिळाली. क्रेमोफोर नाही, त्यामुळे नेहमीचं स्टिरॉइड लागत नाही, वेगळी नळी लागत नाही, आणि तीन आठवड्यांचा डोस तीन तासांऐवजी अर्ध्या तासात देता येतो.

तुमच्या ऐकीव माहितीत मोठी चूक आहे ती पुढच्या टप्प्यात. हे कण १३० नॅनोमीटरचेच राहून शरीरभर हिंडतात आणि गाठ सापडली की तिथे फुटतात, असं होत नाही. रक्तात मिसळले, पातळ झाले, की ते लवकरच सुटे होतात. पुढचा प्रवास औषध अल्ब्युमिनच्या एकेका रेणूला धरून करतं. नॅनो रूपाचा खरा फायदा औषध शिरेत सुखरूप पोचवण्यात आहे. गाठीचा पत्ता त्याला ठाऊक नसतो. केस गळतात, पांढऱ्या पेशी उतरतात, हातापायांना मुंग्या येतात, कारण औषध तेच आहे आणि ते शरीरभर जातं.

‘थेट गाठीत’ ही कल्पना आली कुठून, हेही सांगायला हवं, कारण ती कुणी खोटी रचलेली नाही. १९८६ साली जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं, की गाठीतल्या घाईघाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. मोठे रेणू त्यांतून बाहेर झिरपतात आणि निचरा नीट नसल्याने गाठीत साठून राहतात. यावर पुढची तीस वर्षं हजारो संशोधकांनी काम केलं. २०१६ साली टोरांटोच्या एका गटाने दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र मांडले, तेव्हा दिसलं की टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण, म्हणजे सगळे आकडे ओळीने लावले तर मधोमध येणारं, होतं ०.७ टक्के. शंभरातला एकसुद्धा नाही. बाकीचे बरेचसे यकृत आणि प्लीहा गिळतात. तिथल्या भक्षक पेशींचं कामच ते आहे, रक्तात परका कण दिसला की उचलायचा. शिवाय उंदराची गाठ काही दिवसांत भरभर वाढवलेली असते. माणसाची गाठ वर्षानुवर्षं वाढते आणि प्रत्येकीच्या रक्तवाहिन्या वेगळ्या.

हे वाचून निराश होऊ नका. भक्षक पेशींची हीच सवय एका ठिकाणी वरदान ठरली आहे आणि ती गोष्ट आपल्याच देशातली आहे. काळाआजाराचा परजीवी नेमका यकृत आणि प्लीहेतल्या या भक्षक पेशींमध्येच घर करून राहतो. त्यावरचं अँफोटेरिसिन-बी हे औषध साध्या रूपात दिलं तर एक दिवसाआड पंधरा सलाइनं, म्हणजे महिनाभर रुग्णालयात मुक्काम. तेच औषध चरबीच्या सूक्ष्म पिशवीत, म्हणजे लायपोसोममध्ये भरून दिलं, की भक्षक पेशी त्या पिशव्या आपणहून गिळतात आणि औषध परजीवीच्या दारात पोचतं. बिहारमध्ये डॉ. श्याम सुंदर यांच्या गटाने केलेली चाचणी २०१०मध्ये प्रसिद्ध झाली. किलोमागे १० मिलिग्रॅमचा एकच डोस दिल्यावर सहा महिन्यांनी ९५.७ टक्के रुग्ण बरे होते, महिनाभराच्या उपचाराने ९६.३ टक्के. पंधरा सलाइनांचं काम एकाच सलाइनने केलं! ज्या मजुराचा महिन्याचा रोज बुडाला असता तो दुसऱ्या दिवशी घरी गेला. नॅनो औषधांबद्दल मला मनापासून आदर वाटतो तो अशा कामामुळे. औषध शरीरात कुठे जातं आणि आजार कुठे आहे, या दोन्हींचा मेळ तिथे बसला.

अँफोटेरिसिनचं नाव तुम्ही २०२१मध्ये ऐकलं असेल. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस पसरला तेव्हा महाराष्ट्रात किती तरी कुटुंबं लायपोसोमल इंजेक्शनसाठी गावोगाव फिरत होती. ल्युकेमियाच्या पेशंटना बुरशीचे संसर्ग होतात, त्यामुळे आम्हाला हे औषध आधीपासून परिचयाचं होतं. साधं अँफोटेरिसिन मूत्रपिंडाला फार त्रास देतं. लायपोसोमल रूपात तो त्रास बराच कमी होतो, म्हणून मोठा डोस देता येतो, किलोमागे ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक. साध्याचा डोस मात्र किलोमागे १ मिलिग्रॅमच्या आसपास. त्या दिवसांत हातात येईल ती कुपी घेऊन लोक धावत यायचे आणि आम्ही प्रत्येक कुपीवरचं पूर्ण नाव दोघांनी मोठ्याने वाचायचो. साध्या औषधाचा डोस लायपोसोमलच्या हिशेबाने गेला तर माणूस दगावू शकतो.

कर्करोगातलं असं जुनं उदाहरण म्हणजे लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन. जेरुसलेममधले बारेनहोल्झ आणि गाबिझोन यांच्या कामातून आलेलं हे औषध १९९५मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. आज ज्यांना आपण नॅनो औषधं म्हणतो त्यांतलं तिथे मंजूर झालेलं हे पहिलं. साधं डॉक्सोरुबिसिन हृदयाला इजा करतं. लायपोसोममध्ये बंद केलं की ते हृदयाच्या स्नायूत कमी झिरपतं. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात दोन्हींची समोरासमोर तुलना ५०९ स्त्रियांवर झाली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. आजार थोपवण्याचा काळ जवळजवळ सारखा, नॅनोवाल्यात ६.९ महिने आणि साध्यात ७.८. हृदयाचा त्रास नॅनोत स्पष्टपणे कमी. केस गळणं साध्यात ६६ टक्के, नॅनोत २०. पण तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटणं साध्यात २ टक्के आणि नॅनोत ४८ टक्के! कारण हे कण दिवसेंदिवस रक्तात फिरत राहतात आणि त्वचेच्या बारीक वाहिन्यांतून झिरपतात. एक त्रास गेला, दुसरा आला. आधीच हृदय अशक्त असलेल्या बाईसाठी हा सौदा सोन्यासारखा आहे. दिवसभर भाकऱ्या थापून पोट भरणाऱ्या बाईसाठी मी दहा वेळा विचार करते.

इथवरचं एका दमात सांगायचं तर नॅनो रूप औषधाची ताकद फारशी बदलत नाही, ते औषधाची वाट बदलतं. वाट बदलली की इजा होण्याची जागाही बदलते.

आता तुमच्या आईंकडे परत येऊ. नॅनो पॅक्लिटॅक्सेलच्या बाजूने सगळ्यात जास्त दाखवली जाते ती २००५ साली प्रसिद्ध झालेली चाचणी. ४५४ स्त्रिया, निम्म्यांना साधं, निम्म्यांना नॅनो, दोन्ही दर तीन आठवड्यांनी. गाठी लक्षणीय आकसल्या त्या नॅनोत ३३ टक्के, साध्यात १९ टक्के. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ २३ आठवडे विरुद्ध १६.९. हे आकडे पाहून कुणालाही वाटेल की प्रश्न सुटला. पण दोन गोष्टी नीट बघा. पहिली, नॅनोचा डोस होता शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २६० मिलिग्रॅम आणि साध्याचा १७५. क्रेमोफोर नसल्यामुळे जास्त औषध देता आलं, हा नॅनोचा खरा गुण आहे, मी तो नाकारत नाही. पण मग फायद्यातला किती वाटा कणांचा आणि किती वाढीव औषधाचा? दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. साधं पॅक्लिटॅक्सेल पसरलेल्या आजारात आता सहसा तीन आठवड्यांनी देतच नाहीत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं, की तेच औषध थोडं थोडं दर आठवड्याला दिलं तर ४२ टक्के स्त्रियांत गाठी आकसल्या, तीन आठवड्यांनी दिलं तर २९ टक्के. म्हणजे २००५च्या चाचणीत नॅनोचा सामना झाला तो साध्याच्या दुबळ्या वेळापत्रकाशी.

पुढे आठवड्याच्या साध्याशी आठवड्याच्या नॅनोची थेट तुलना सुमारे ८०० पेशंटवर झाली आणि ती २०१५मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात नॅनो सरस ठरलं नाही. आजार थोपवण्याचा काळ साध्यात ११ महिने आणि नॅनोत ९.३, आणि रक्तपेशींचा त्रास, हातापायांचा बधिरपणा नॅनोत जास्त. त्या चाचणीत बहुतेकींना सोबत बेव्हासिझुमॅब हे गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखणारं औषधही दिलं होतं आणि नॅनोचा डोस, चौरस मीटरला १५० मिलिग्रॅम, जरा चढाच होता. उलट, ऑपरेशनआधी दिलेल्या केमोत आठवडी नॅनोने गाठ पूर्ण नाहीशी होण्याचं प्रमाण ३८ टक्क्यांवर नेलं, साध्यात ते २९ होतं. तेव्हा चित्र एकरंगी नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं उदाहरणही कुणी देईल, तिथे हे औषध जोडल्याने मध्यक आयुष्य ६.७ महिन्यांवरून ८.५ झालं. ते खरं आहे, आम्हीही तिथे वापरतो. पण ती तुलना एका औषधाची दोन औषधांशी होती. साधं विरुद्ध नॅनो हा प्रश्न तिथे विचारलाच नव्हता.

तुमच्या आईंच्या बाबतीत खरी ओढाताण आहे ती मधुमेहाची, आणि मधुमेह दोन्ही बाजूंना ओढतो. साध्या पॅक्लिटॅक्सेलबरोबर स्टिरॉइड द्यावं लागतं, त्याने साखर चढते. माझ्याकडे एक शिक्षिका होत्या, केमोच्या दुसऱ्या दिवशी त्यांची साखर चारशेवर जायची आणि घरचे घाबरून जायचे. त्यांना आम्ही अखेर नॅनोवर नेलं आणि साखर आटोक्यात आली. दुसरी बाई शिवणकाम करायची, मधुमेह पंधरा वर्षांचा. तिला साखर चढू नये म्हणून मी सुरुवातीलाच नॅनो दिलं. चौथ्या-पाचव्या डोसनंतर तिला सुईत दोरा ओवता येईना. तो निर्णय मी तेव्हा साखरेकडे बघून घेतला. तिच्या बोटांकडे आधी बघायला हवं होतं. २००५च्या चाचणीतही तीव्र बधिरपणा नॅनोत १० टक्के आणि साध्यात २ टक्के होता. औषध थांबवल्यावर किंवा कमी केल्यावर तो नॅनोत लवकर ओसरतो, साधारण तीन आठवड्यांत एक पायरी खाली येतो. पण मधुमेहाने नसा आधीच कुरतडलेल्या असतील तर माझ्या अनुभवात तितका वेळ पुरत नाही.

म्हणून माझा क्रम असा असतो. आईंच्या पायांना आज मुंग्या, जळजळ किंवा बधिरपणा असेल, तर मी साध्या पॅक्लिटॅक्सेलपासून सुरुवात करीन, आठवड्याला, चौरस मीटरला ८० मिलिग्रॅमच्या हिशेबाने, एका तासात. पहिल्या दोन डोसना स्टिरॉइड पूर्ण देईन. रिअॅक्शन आली नाही तर पुढे ते हळूहळू कमी करता येतं, पुष्कळांत बंदही करता येतं, आणि त्याबरोबर साखरेचा प्रश्नही मागे पडतो. त्या दोन आठवड्यांत साखर घरी दिवसातून तीन-चार वेळा तपासायची आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना आधीच कळवून ठेवायचं, इतकं केलं की बहुतेक निभावतं. साध्यावर गंभीर रिअॅक्शन आली, किंवा साखर अशी की स्टिरॉइड अजिबात झेपत नाही, तर मात्र नॅनोवर खर्च करणं योग्य आहे. तेव्हा मी स्वतःच आग्रह धरीन. पायांच्या नसा ठणठणीत आणि साखर मात्र बेभरवशाची, अशा मधल्या परिस्थितीत दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं आहे. तुमच्या डॉक्टरांच्या डोक्यात कदाचित हेच असेल. त्यांना सरळ विचारा, ‘नॅनोने आईचा नेमका कोणता त्रास वाचेल असं तुम्हाला वाटतं?’ या प्रश्नाने कोणताही डॉक्टर दुखावत नाही.

नॅनो घ्यायचं ठरलं तर खोक्यावरचं पूर्ण नाव वाचा. भारतात ‘नॅनो पॅक्लिटॅक्सेल’ या बोलीतल्या नावाखाली एकाहून अधिक प्रकार मिळतात. अल्ब्युमिनवालं वेगळं, पॉलिमरवर आधारलेली वेगळी. वर सांगितलेले आकडे अल्ब्युमिनवाल्याचे आहेत, ते दुसऱ्या प्रकाराला लावता येत नाहीत. मध्येच दुकानदाराने ‘हेही तेच’ म्हणून दुसरं दिलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. हे मी अनुभवाने सांगतेय. मी सुरुवातीच्या वर्षांत जिथे काम करत होते, तिथे एकदा चिठ्ठीवर ‘लायपोसोमल’ हा शब्द राहून गेला आणि औषधालयाने साधं डॉक्सोरुबिसिन पाठवलं. सिस्टरच्या लक्षात आलं, की नेहमीचं औषध किंचित गढूळ लाल दिसतं, हे काचेसारखं स्वच्छ लाल आहे. तिने सलाइन लावलंच नाही. तेव्हापासून मी औषधाचं नाव कधीच तोडून लिहीत नाही.

अल्ब्युमिनवालं पॅक्लिटॅक्सेल तयार झाल्यावर दुधासारखं पांढरं दिसतं, ते पाहून घाबरू नका, तसंच असायला हवं. ते कालवतानाही घाई चालत नाही. सलाइन कुपीच्या आतल्या भिंतीवरून हळूहळू सोडायचं, पाच मिनिटं तसंच ठेवायचं, मग हलक्या हाताने फिरवायचं. जोरात हलवलं तर फेस होतो. तुम्ही खोलीत असाल तर हे दिसेल, आणि सिस्टर वेळ घेतायत म्हणून चिडू नका.

पैशांबद्दल. छापील किंमत आणि प्रत्यक्ष मिळणारी किंमत यांत केमोच्या औषधांमध्ये मोठा फरक असतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा, पण बिल आणि बॅच नंबर घेतल्याशिवाय औषध घेऊ नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आईंचं नाव बसत असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा की दोन्हींपैकी कोणतं औषध पॅकेजमध्ये येतं. नॅशनल कॅन्सर ग्रिडमधल्या रुग्णालयांनी एकत्र खरेदी करून काही औषधांच्या किमती बऱ्याच खाली आणल्या आहेत, तुमच्या जवळ असं रुग्णालय असेल तर तिथेही चौकशी करा. आणि एक लक्षात घ्या, हा उपचार काही महिने चालणार आहे. पहिल्या दोन डोसना दागिने मोडून महागडं औषध आणि तिसऱ्या डोसला पैसे संपले म्हणून खंड, यापेक्षा न चुकता दर आठवड्याला मिळणारं साधं औषध कितीतरी जास्त काम करतं. वाचलेल्या पैशांत रक्ततपासण्या, प्रवास आणि आईंचं खाणंपिणं नीट सांभाळता येईल.

हळदीच्या कॅप्सूल मात्र केमो चालू असेपर्यंत बाजूला ठेवा. आमटीतली, दुधातली हळद खुशाल चालू द्या, तिच्याने काही बिघडत नाही. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फार थोडं शोषलं जातं आणि ‘नॅनो’ कॅप्सूलचा दावाच असा असतो की हे शोषण आम्ही वाढवलं. दावा खरा असेल तर ती हळद आता मसाला राहिली नाही, मोठ्या मात्रेतलं औषध झाली. मग तिचे औषधासारखे परिणामही मोजायला हवेत. प्रयोगशाळेत कर्क्युमिनने स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवरचा काही केमो औषधांचा परिणाम कमी केल्याचं दिसलेलं आहे. जास्त शोषल्या जाणाऱ्या हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत झालेल्या आहेत, आणि पॅक्लिटॅक्सेलचा निचरा यकृतातूनच होतो. नॅनो औषधं कशी पारखायची याची मार्गदर्शक तत्त्वं भारत सरकारने २०१९मध्ये काढली, पण पूरक आहार म्हणून विकली जाणारी कॅप्सूल त्या वाटेने आलेली नसते. कर्करोग बरा होतो अशी जाहिरात करायला तर १९५४च्या कायद्यानेच बंदी आहे. नातेवाइकांनी प्रेमाने आणलीय, त्यांना दुखवू नका. ‘डॉक्टरांनी केमो संपेपर्यंत थांबायला सांगितलंय’ एवढं म्हणा आणि बाटली पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा.

आणि एक काम आजपासून तुमच्याकडे. औषध कोणतंही ठरो, पहिल्या डोसच्या आधी आईंच्या हातापायांची आजची स्थिती वहीत लिहून ठेवा. ब्लाउजची हुकं स्वतः लावता येतात का, तांदूळ निवडताना खडा बोटाला लागतो का, चालताना पायातली चप्पल निसटली तर कळतं का, अंधारात तोल जातो का. दर डोसच्या आदल्या संध्याकाळी हेच चार प्रश्न पुन्हा विचारा. सलाइन चालू असताना थंड हातमोजे-मोजे घालण्याने बधिरपणा कमी झाल्याचं जपानमधल्या छोट्या चाचण्यांत दिसलंय, काही डे-केअरमध्ये ते करतात. पण मधुमेहात बर्फाने त्वचा भाजू शकते, म्हणून विचारल्याशिवाय घरून बर्फ नेऊ नका. आई ‘जरा मुंग्या येतात, चालायचंच’ म्हणतील. बहुतेक आया तसंच म्हणतात, कारण त्यांना औषध बंद होण्याची भीती वाटते. त्यांना आधीच सांगा, की मुंग्या वेळेवर सांगितल्या तर डोस थोडा उतरवता येतो किंवा एक आठवडा सोडता येतो आणि उपचार पुढे चालू राहतो. वहीतलं उत्तर बदललेलं दिसलं, तर सलाइन लावायच्या आधी डॉक्टरांना दाखवा, नंतर नको.